विक्रोळीहून निघतानाचं गाऱ्हाणं

दोन केमोंच्या मधल्या दिवसांत प्रवासाला डॉक्टरांनी परवानगी दिली, ती नाखुशीनेच. आजार यकृतापर्यंत पसरला होता. मला कणकवलीजवळच्या गावी जाऊन आईला ते समोर बसून सांगायचं होतं. तिला तोवर कावीळ एवढंच माहीत होतं. फोनवर सांगायचं नाही, हे ठरलेलं होतं. पुढच्या खेपेला गाडीत बसवेल की नाही, याची खात्री नव्हती.

विक्रोळीच्या आमच्या इमारतीत बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली, काही तर आमच्याच वाडीतली. गावाला निघताना गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची रीत इथे अजून आहे. तळमजल्यावरचे काका देवाला साकडं घालतात, बाकीचे होकार देतात. त्या सकाळी मला ते नको होतं. मी गाडीत बसले, उतरले, पाठीची उशी बदलली, पुन्हा बसले.

"निघूया ना रे," मी नवऱ्याला म्हटलं.

"थांब गं. काका आलेच."

काकांनी नारळ हातात धरून डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां गावाक निघाली हत."

"व्हय म्हाराजा!"

"हिच्या आंगात क्यान्सर पसारलो हा, डाक्तरांनी हात टेकले हत. तर वाटेतला विघ्न दूर कर नि हिका आवशीच्या दारात सुखरूप पोचव, म्हाराजा!"

या वेळी होकार दोघा-तिघांचाच आला. काकांनी नारळ फोडला.

गाडी सुरू झाल्यावर मी विचारलं, "तू सांगितलंस त्यांना?"

"देवापुढे अर्धवट कसं बोलणार, म्हणाले. सगळ्यांसमोर नाव घेतील असं वाटलं नाही गं."

"गाऱ्हाणं काय कोणी मनातल्या मनात घालतं?"

मी मागे वळून पाहिलं. फाटकाशी वाडीतली एक शेजारीण फोन कानाला लावून उभी होती. कंपनीच्या जनसंपर्क विभागात कोणती बातमी कधी सोडायची हे ठरवण्यात माझी सगळी वर्षं गेली. ही माझ्या हातातून सुटली होती.

हायवेवर मी काच खाली-वर करत राहिले. केमोने बोटांची टोकं बधिर झाली होती, मोबाईलवर भलतंच काहीतरी दाबलं जात होतं. मुलुंडजवळ, ऐरोली पुलाच्या अलीकडे, गाडी बाजूला घ्यायला लावली आणि आईला फोन लावला.

आईने लगेच उचलला. "निघालंस?"

"आई, मला कावीळ नाही. कॅन्सर आहे."

"आत्ताच फोन इल्लो. मी तिका म्हटलंय, माझा चेडू माका सांगतला, तू ठेव फोन."

"नीट बसवतही नाहीये," एवढंच मी म्हटलं.

"मगे पाठी आडवा हो. पण माघारी फिरू नको."

मी मागच्या सीटवर आडवी झाले. पूल संपायच्या आत उठून बसले. नवऱ्याने आरशातून पाहिलं, वेग कमी केला.

"चालव," मी म्हटलं.