भिंतीआडून ऐकलेला सिनेमा

खिडकीकाकूंना सिनेमाबद्दल मत विचारलं की त्या म्हणतात, "जुना की नवा?" आणि उत्तराची वाट न पाहता दोन्हींवर बोलतात. जुन्या सिनेमात माणसं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ द्यायची. नव्यात आधी धडामधुडुम, मग कुणीतरी कुजबुजतं, आणि नेमकं तेच महत्त्वाचं असतं. एका नव्या सिनेमाला मात्र त्या जुन्यांच्या पंगतीत बसवतात. "बाई नवरा सोडून निघते तिथे संगीतच नाही. नुसता बॅगेची चेन ओढल्याचा आवाज. अंगावर काटा आला माझ्या."

यातला एकही सिनेमा त्यांनी पाहिलेला नाही.

काकूंची सगळी नोकरी थिएटरच्या तिकीटखिडकीत गेली. खोली कपाटाएवढी. समोर जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक, आणि पाठीमागे फळ्या ठोकून बंद केलेलं एक जुनं दार. त्या फळ्यांतून पडद्यावरचं सगळं ऐकू यायचं. त्याहून स्पष्ट ऐकू यायचे ते प्रेक्षक. खुर्च्या करकरू लागल्या की सिनेमा पडला, असं काकू पहिल्याच खेळाला जाहीर करत. मालक वैतागायचा. "काकू, मध्यंतरापर्यंत तरी जगू द्या की त्याला!"

फुकट बघायची मुभा होती. सुरुवातीला एकदा त्या आत जाऊन बसल्याही. भारदस्त आवाजाची नायिका त्यांच्या मनात चांगली उंच, रुंद खांद्यांची होती. पडद्यावर निघाली चिमणीएवढी. काकू मध्यंतरात उठल्या, त्या कायमच्या. "माझी बाई मारून टाकली त्यांनी," असं त्या अजून म्हणतात.

त्यांचे यजमान त्याच थिएटरात ऑपरेटर. वरच्या केबिनमध्ये दोन मशिनं, त्यांची अखंड घरघर, पडद्याकडे बघायला काचेची बारीक खिडकी. आतला स्पीकर असून नसल्यासारखा. त्यांनी सगळे सिनेमे पाहिले, ऐकला मात्र एकही नाही. अशी दोन माणसं एका घरात म्हटल्यावर वाद व्हायचेच. त्यातला एक मुरत गेला.

तो एका काळ्या-पांढऱ्या सिनेमाच्या शेवटावरून होता. बापाने घराबाहेर काढलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी दारात येतो. आई त्याला ओळखते का?

"नाही ओळखत," काकू म्हणायच्या. "स्वच्छ सांगते ती. कोण रे बाबा तू, मी नाही ओळखलं. तो पाणी पितो आणि जातो."

"अगं, त्याचा पेला काढून देते ती! सिनेमाभर फळीवर उपडा असतो. कुणाला हात लावू देत नाही."

"पेला बोलतो का?"

"नाही."

"मग झालं तर."

येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून निकाल लागला असता. पण काकूंना ते पटत नसे. "मी विकते तीच वस्तू गिऱ्हाइकाला विचारू, की बाबा, यात काय आहे?"

खरं कारण वेगळं होतं. त्या प्रसंगाला थिएटर गप्प व्हायचं. भरलेलं थिएटर, प्रत्येक खेळाला, इतकं गप्प की फळ्यांतून फक्त पंखे ऐकू यायचे. काकूंनी पुढे प्रत्येक सिनेमा त्या शांततेशी ताडून पाहिला. आत जाऊन बघावं आणि तिथे काहीतरी फुसकं निघावं, याची त्यांना भीती होती. हरण्याची नव्हती.

थिएटर कधीच बंद झालं. यंदा तोच सिनेमा साफसूफ होऊन मल्टिप्लेक्सला लागला आणि मुलीने दुपारच्या खेळाची तिकिटं काढली.

"तुम्ही दोघं बघा. मी बाहेर बसून ऐकते," काकू म्हणाल्या.

"आई, तिथे बाहेर काही ऐकू येत नाही. भिंती जाड असतात."

"मग डोळे मिटून बसेन."

आणि खरंच तशाच बसल्या. शेजारून मुलगी कोपर मारत होती, तरी उघडले नाहीत. तो प्रसंग आला. दार वाजलं. कुणीतरी खोकलं. आई मोठ्याने म्हणाली, कोण रे बाबा तू, मी नाही ओळखलं.

"अगं!" ऑपरेटर जवळजवळ ओरडले. "ही नाही म्हणतेय!"

त्यांचा आवाज इतका घाबराघुबरा होता, की काकूंचे डोळे उघडले.

पडद्यावर आई उभी होती. तोंड आतल्या खोलीकडे वळवलेलं. त्या खोलीच्या उंबऱ्याशी बापाच्या चपला. ती शब्द आत फेकत होती, आणि हात मागे जाऊन फळीवरचा उपडा पेला काढत होते. पेला पाण्याने भरला. मुलाच्या बोटांवर तिची बोटं राहिली. आतून पुन्हा खोकला आला. तो खोकला काकूंनी शेकडो वेळा ऐकला होता, आणि दर वेळी प्रेक्षकांतल्या कुणाचा तरी समजल्या होत्या.

थिएटर गप्प झालं. काकू पहिल्यांदाच त्या शांततेच्या आत होत्या. ती फळ्यांतून वाटायची त्याहून मोठी होती.

तिघं बाहेर आली.

"मी इतकी वर्षं त्या म्हाताऱ्याच्या खोलीत बसले होते हो," काकू म्हणाल्या. "तिने मलाही फसवलं."

"आणि मी तिला साधी बाई समजत होतो," ऑपरेटर म्हणाले. "ती नुसतं पाणी देते, असं."

"मग जिंकलं कोण?" मुलीने विचारलं. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काकू तिकिटाच्या काउंटरकडे निघाल्या होत्या. पुढच्या खेळाची तिकिटं मागितल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, आत्ताच बघून आलात ना हा?"

"शेवट तेवढा बघितला," काकू म्हणाल्या. "आधीचा सगळा राहिलाय."