अठरा फुटांवरचा माग

भुताखेतांच्या गोष्टी आमच्या घरी कोणी सांगत नाही. मी तर इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचा विद्यार्थी... मीटरवर दिसेल तेवढंच खरं, असं मानणारा. अडचण अशी की मला जे दिसलं ते मीटरवरच दिसलं. म्हणून जरा भीत भीत हे लिहितो आहे.

गेल्या वर्षीचा, म्हणजे १९८६चा मे महिना. उमरेड रोडवर, हुडकेश्वरच्या फाट्याच्या अलीकडे कापसाच्या गाठींचं एक गोडाऊन आहे. विटांच्या उंच भिंती, वर टिनाचं छप्पर. तिथे धूर ओळखणारं नवीन यंत्र बसत होतं आणि मला महिनाभराच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ट्रेनिंगच्या कागदावर सही मिळाली नाही तर माझं वर्ष जाणार होतं.

यंत्र तसं साधं. एका भिंतीवरची डबी इन्फ्रारेड किरण सोडते, तो डोळ्यांना दिसत नाही. समोरच्या भिंतीवरची डबी तो झेलते. मध्ये धूर आला की किरण कमी पोचतो, मीटरची सुई खाली येते, आणि खालीच राहिली तर घंटा वाजते. खरा प्रश्न जागेचा. छपराला चिकटून लावलं तर चालत नाही — मे महिन्यात टिनाखाली गरम हवेचा थर साचतो आणि धूर त्याच्या खालीच अडतो. म्हणून आमचे सुपरवायझर पाठक साहेब यांनी अठरा फुटांची उंची ठरवली. डब्याही विटांच्या पक्क्या भिंतींवर, कारण टिनाचा पत्रा उन्हात सरकतो आणि किरणाचा नेम चुकतो. नेम मी धरला होता. स्क्रू केसभर फिरवायचा, खाली उतरून सुई बघायची, पुन्हा शिडी... असे दोन दिवस.

आणि मग रोज दुपारी दोन वाजले की सुई हलू लागायची. जराशी झुकायची, वर यायची. पुन्हा झुकायची. साडेचारला थांबायची. घंटा वाजण्याइतकी खाली जात नव्हती, पण स्थिरही राहत नव्हती.

साहेबांनी माझ्या नेमाला दोष दिला. मी शिडी लावून पाहिलं. चिमण्या नव्हत्या, जाळी नव्हती, झेलणाऱ्या डबीवर ऊनही येत नव्हतं. डब्या बदलून पाहिल्या, तरी तेच. शेवटी साहेबांनी सांगितलं की शनिवारी ट्रेनिंग संपतं, तोवर सलग तीन दुपारी सुई स्थिर दिसली तरच सही. मंगळवारी सगळं उतरव आणि दुसऱ्या भिंतींवर लाव.

सोमवारी बाबा माझा डबा घेऊन आले. ते पूर्वी विणकर होते. माग विकून शाळेत शिपाई झाले, आणि तेव्हा शाळेला सुट्या होत्या. ती दुपार मला अजूनही झोपेत पाहिल्यासारखी आठवते. झरोक्यांतून उन्हाच्या पट्ट्या आलेल्या, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, पडत नव्हते. वरचा पत्रा मधूनच टिक्‌ करायचा. हमालांचं बोलणं पाण्याखालून यावं तसं ऐकू येत होतं.

बाबा डबा उघडता उघडता थांबले. सुईकडे बघत राहिले. थोड्या वेळाने माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. एकदा डावा, एकदा उजवा... चपलांसकट जमीन दाबत होते.

"हे कोण विणून राहिलं गा?" त्यांनी हळूच विचारलं.

मला हसू आलं. ते हसले नाहीत. म्हणाले, सुई झुकते तेव्हा आडवा धागा घेऊन धोटा जातो. तीन धोटे आहेत, दोन काठांचे, एक मधल्या अंगाचा. म्हणजे करवती काठाचं लुगडं. मध्येच थांबते तेव्हा तुटलेला धागा जोडणं चालू असतं. मी म्हटलं, बाबा, किरण अठरा फुटांवर आहे, तिथे नुसती हवा.

"माग काय एवढ्या वर टांगते का कोणी? ते मलेही समजते. पण चाल तीच आहे." मग पुन्हा बराच वेळ बघून म्हणाले, "पदर लागला आहे, लुगडं संपत आलं. दोन दिवस राहू दे."

मी त्यांना सहीचं सांगितलं. माझ्या वर्षाची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होती.

"वर्ष तुझं आहे, तूच ठरव," ते म्हणाले. "पण अर्धं लुगडं मागावरून कोणी उतरवते का?"

दोन दिवस थांबलो तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार, बरोबर तीनच दुपारी उरत होत्या. बाबांचं चुकलं तर काहीच उरत नव्हतं. रात्रभर मनात हेच. सकाळी साहेबांकडे मी दोन दिवस मागितले. कारण मात्र सांगता आलं नाही.

"घे," ते म्हणाले. "पण मग सहीसाठी माझ्या दारात उभा राहू नको."

मंगळवारी आणि बुधवारी बाबा माझ्याजवळ बसून होते. बुधवारी चारच्या सुमारास सुई सावकाश होत गेली. एकदा झुकली... वर आली... आणि थांबली. बाबांनी मांडीवरून हात फिरवला, कापडावरून फिरवावा तसा.

गुरुवारी सुई हलली नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी माझी बघायची हिंमत होईना. साहेबांनीच शिडीवर चढून डबीपुढे काळी काच धरली. सुई पडली, घंटा वाजली. काच काढली, सुई वर गेली आणि तिथेच राहिली, साडेचार वाजून गेले तरी.

चौकीदाराला मी विचारून घेतलं होतं. गोडाऊनच्या आधी तिथे ज्वारीचं शेत होतं. माग तिथे कधीच नव्हता.

कागदावर 'बिघाडाचे कारण' असा एक रकाना होता. साहेब म्हणाले, उष्णतेने भिंत सरकली असं लिहून टाक. मला ते लिहिता आलं नाही. 'कारण समजले नाही' असं लिहिलं आणि कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. पेन बराच वेळ हातात धरलं. मग सही केली.

बाबा फाटकाजवळ सायकल धरून उभे होते. कागद त्यांनी उलटसुलट पाहिला, घडी घालून स्वतःच्याच खिशात ठेवला. मी मागे बसलो. बरंच अंतर गेल्यावर विचारलं, कोण असेल हो?

"मले काय माहीत," ते म्हणाले. पायडल मारत राहिले.

"हात चांगला होता."