भट्टीवाल्याचं नाक

आमच्या घराखाली पावाची भट्टी आहे. आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या तिथल्या मुख्य कारागिराला सगळी गल्ली ‘नाकोबा’ म्हणते. पाव भाजला की नाही हे पाहायला तो कधी घड्याळाकडे बघत नाही. भट्टीच्या तोंडाशी उभा राहून वास घेतो आणि सांगतो.

मागच्या वर्षी मात्र त्याचा अंदाज चुकू लागला. सायनसची सूज इतकी वाढली की नाक सतत चोंदलेलं राही. कपाळ ठणके, गाल ठणकत. डोकेदुखीच्या गोळ्या घेत तो काम रेटत राहिला. ठणका थांबे, वास काही येत नसे आणि पाव करपत. शेवटी मालक हळूच म्हणाले, “काही दिवस गल्ल्यावर बसतोस का?” त्या दिवशी तो जेवला नाही. भट्टी सुटली तर आपण मेल्यात जमा, असं त्याने बायकोला सांगितलं.

मग शस्त्रक्रिया झाली, नीट पार पडली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “दुखलं तर पॅरासिटामॉल, लिहून दिलंय तेवढंच. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच असतं, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नका. ॲस्पिरिन मुळीच नको, त्याने रक्त लवकर थांबत नाही. दुसरी कुठली गोळी मला विचारल्याशिवाय नको. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची, दाबायची नाही.”

“वास परत येईल ना?”

“सूज उतरली की बहुतेक येईल. पण शब्द देत नाही.”

त्याला भेटायला भट्टीतला जोडीदार आला तो गरम पाव घेऊनच. प्रेमाने त्याच्या नाकाखाली धरला. पावावर कोरडं पीठ भुरभुरलेलं होतं. नाक हुळहुळलं, शिंक आली, आणि नाकोबाने नाक चिमटीत धरून ती गिळली. मळलेल्या पिठासमोर शिंकायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, कपाळात कळ गेली आणि नाकातून रक्ताची धार लागली.

त्याची बहीण तिथेच होती. तिने बटव्यातून गोळी काढली. “घे रे, माझ्या गुडघ्याला लगेच लागू पडते.”

बायकोने पाकीट उलटून वाचलं. ॲस्पिरिनच. “वन्सं, गुडघ्याची गोळी नाकाला कशी चालेल?”

“दुखणं ते दुखणंच की गं!”

“हो, पण ही पोटात गेली तर रक्त थांबायचं नाही. ठेवा ती आत.”

तिने नवऱ्याला ताठ बसवलं, डोकं जरा पुढे झुकवलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त थांबत आलं होतं. आत काही बिघडलं नव्हतं.

“शिंक दाबू नका म्हटलं होतं ना?”

“बाई, समोर पाव होता हो!”

त्यांना हसू आवरेना.

घरी बायकोने त्याला खिडकीपाशी उभं केलं. “आता इथे शिंकायचं. मोठ्याने.”

“लोक काय म्हणतील?”

“लाजताय काय नव्या नवरीसारखे?”

पहिली शिंक अशी गडगडली की छपरावरची कबुतरं उडाली. खालून मालक ओरडले, “भट्टी फुटली काय रे?” गल्लीभर हशा पिकला.

हळूहळू ठणका ओसरला, गोळ्या बंद झाल्या. सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याने नाक धुणं चालू होतं. वास मात्र येईना. मग एका सकाळी अंथरुणातूनच त्याने विचारलं, “ताई आलीय का?”

“अहो, त्या तर बाहेर चपला काढतायत. तुम्हाला कसं कळलं?”

“तिचं ते गुडघ्याचं मलम! काय भयंकर वास आहे!”

बायको हसता हसता मटकन खालीच बसली. एवढी तारीफ त्या मलमाच्या वाट्याला आजवर आली नसेल.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर तो भट्टीवर गेला. मी जिन्यात उभी राहून पाहत होते. पाव आत होते. जोडीदाराने लांब फावडं उचललं. “काढू?”

“थांब.”

मालक म्हणाले, “अरे, करपतील.”

“थांबा म्हणतो ना!” मालकांशी इतक्या चढ्या आवाजात तो पूर्वी कधी बोलला नव्हता. त्याने डोळे मिटले, मान किंचित वर केली.

“आता.”

पाव बाहेर आले, खरपूस तांबूस, एकही डाग नाही. मालकांनी एक मोडून तोंडात टाकला आणि गल्ल्यामागच्या खुर्चीवर स्वतः जाऊन बसले.