आमच्या भिंतीवरची काळी बाई

मित्रांनो, आज सकाळी घरी जे घडलं ते लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या, सातवीपर्यंतच शिकलोय.

आमच्या कापडे गावात जाहिरातवाले घराची भिंत फुकट रंगवून देतात. मीही हो म्हटलं होतं. आज पेंटर आला. जाहिरात गोरं करणाऱ्या क्रीमची निघाली. एकाच बाईचे दोन चेहरे, काळा रडका आणि गोरा हसरा.

तेवढ्यात सूनबाई एमआयडीसीतल्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून आली. ती सावळी, काळीच म्हणा. पेंटरने तिच्याकडे एकदा बघितलं आणि डब्यात अजून थोडा काळा रंग ओतला. मला मान वर करवेना.

"दादा, रंग बरोबर जमला," ती म्हणाली. "पण मी अशी रडत नाय."

"वैनी, चित्र कंपनीचं हाय. मी नुसता रंगवतो."

मी घाईघाईने म्हटलं, "मी पण नुसती भिंत दिली गो."

"मग बाबा, मला रडवतंय कोण?"

तिने पिशवी खाली ठेवली, ब्रश घेतला आणि काळ्या चेहऱ्याचे ओठ वर वळवले. पेंटरला हसू फुटलं. "आता क्रीम कोण घेणार, वैनी?"

मी बघतच राहिलो. एवढी हिंमत माझ्याच घरात आहे, हे मला माहीत नव्हतं.

उद्या जाहिरातवाल्यांचा एजंट भिंतीचा फोटो काढायला येणार. भीती वाटते. तरी त्याला सांगणार आहे, भिंत माझी आहे, हसू पुसायचं नाही.

तुमच्या भिंतीवर काय रंगवलंय, कधी नीट बघितलंय का?