बायोडेटातली बायको

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. माझ्याच गाढवपणाची हकीकत आहे, आणि ती आठवली की अजूनही माझ्या पायात गोळे येतात.

लग्नानंतरचा बायकोचा पहिलाच वाढदिवस मी साफ विसरलो होतो. मेघना अमरावतीची. मला वाटलं, चांगली कडाडून भांडेल. छे! अकरा दिवस एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा भांडली असती तर परवडलं असतं. त्यामुळे यंदाचा वाढदिवस चुकला, तर बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत आपण एकटेच उरणार, हे मी पुरतं ओळखून होतो.

पण बायकोला आवडतं काय? तुम्ही म्हणाल, विचारायचं की तिलाच. अहो, पुणेकर कधी विचारतो का? त्याला माहीत असतं. मी सरळ मोबाइलमधून तिचा लग्नाचा बायोडेटा शोधून काढला. वर गणपती, मग रास, नाडी, गोत्र आणि शेवटी आवडीनिवडी: गिर्यारोहण, शास्त्रीय संगीत, देशोदेशीचे खाद्यपदार्थ. पेपरच फुटला म्हणा ना!

वाढदिवस रविवारीच आला होता. पहाटे साडेचारला तिला उठवलं आणि सिंहगडाला नेलं. पायी. आठवडाभर ऑफिससाठी हिंजवडीच्या बसमध्ये अंग आंबवून आलेली बाई ती, पण निमूट चढत होती. अजून किती राहिलं, असं तिनं सहा वेळा विचारलं आणि मी सहाही वेळा 'आलंच' म्हणालो. वर पोचल्यावर ती एका दगडावर डोळे मिटून बसली. निसर्गाशी एकरूप झाली, असं समजून मी फोटो काढला.

दुपारी गाण्याची बैठक. बुवांनी विलंबित ख्याल सुरू केला आणि हिची मान डोलायला लागली. काय ही जाण, मी मनात म्हटलं. ती मान डोलत डोलत माझ्या खांद्यावर येऊन टेकली, तरी मला शंका आली नाही. उलट माझेच डोळे भरून आले.

संध्याकाळी खास जेवण. जपानी! पंधरा दिवस आधी टेबल राखून ठेवलं होतं. काळ्या पानात गुंडाळलेला थंड भात समोर आला. एखादी हिरवी मिरची मिळेल का, असं तिनं वेटरला हळूच विचारलं. नाही मिळाली. ती एकेक घास पाण्याबरोबर उतरवत होती आणि मी छाती फुगवून म्हणालो, "बघ, सगळं कसं तुझ्या आवडीचं."

तिनं हातातल्या काड्या खाली ठेवल्या. चिडली की तिच्या तोंडून अमरावती बाहेर पडते.

"माह्या? मले तं वाटलं, हे सारं तुह्या आवडीचं हाय. तुले एवढी हौस, म्हणून मी सकाळपासून बोलली नाही!"

मी पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला. ते तिच्या मोठ्या मामांनी लिहिलं होतं म्हणे. चारही भाच्यांच्या बायोडेटात त्यांनी हाच मजकूर घातला होता, कारण पहिलीचं लग्न त्यावर झटकन जमलं होतं. त्या पहिलीला तर जिना चढतानाही धाप लागते. आणि मेघनाला काय हवं होतं? दहापर्यंत झोप आणि झणझणीत पाटवडी रस्सा. बस, एवढंच. दोन वर्षं एका घरात राहून मी हिला हे साधं विचारलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात तिनं तिच्या मोबाइलमधून माझा बायोडेटा काढला. बराच वेळ वाचत होती. मग अगदी शांतपणे म्हणाली, "यात 'स्वभाव समजूतदार' असं लिहिलंय. हे कोणत्या मामांनी लिहिलं?"

"मामांनी नाही," मी म्हणालो. "ते मी स्वतः लिहिलं होतं."