मावशीचा गाल

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मावशीचा गाल मी रंगवला.

मावशी म्हणजे आमच्या नागपूरच्या कचेरीच्या दारावरची दगडी बाई. इमारत इंग्रजांच्या वेळची. बाईचा पेहराव ग्रीक, हातात गव्हाच्या ओंब्या. ज्याची बदली अडकलेली असे, तो आत शिरताना तिला हळूच हात जोडायचा.

आमचे ड्राफ्ट्समन, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, जलरंगात चित्रं काढायचे. एका रविवारी समोरच्या फुटपाथवर बसून त्यांनी मावशी काढली. तिथूनच त्यांना रामटेकला लग्नाला जायचं होतं, म्हणून चित्र आणि रंगपेटी वाटेत माझ्या घरी देऊन गेले. सोमवारी कचेरीत कपाटात ठेवताना पाहिलं, तर एक गाल नुसता पांढरा. घाईत राहिला असेल, म्हणून मी त्यांच्याच पेटीतला दगडी रंग कालवला आणि भरून टाकला. मदत केली, असंच वाटलं. जलरंगात ऊन रंगवत नाहीत, तिथला कागद कोरा सोडतात, हे मला कुठं ठाऊक.

मंगळवारी भाऊंनी चित्र खिडकीपाशी नेलं. चष्मा पुसून परत लावला.

"येथचा कागद मी सोडला होता गा. मले पक्कं आठवते."

मी फायलीत डोकं घातलं.

"डोळे गेले वाटते माहे," ते म्हणाले. "नाही तं डोकं."

तेव्हाच बोललो असतो तर दोघंही हसलो असतो.

पुढच्या रविवारी चित्र काढायला जाताना ते मला सोबत घेऊन गेले. "तू फक्त पाहत राय. मी ऊन भरून राहिलो असलो तं सांग."

आता ते निवृत्त झालेत, तरी आमचा रविवार चुकत नाही. लांबून येणाऱ्या बसची पाटी माझ्याआधी तेच वाचतात. पण ब्रश टेकवण्याआधी विचारतात, "येथी थांबू ना?"

"थांबा, भाऊ."

मग तर्री-पोहे खातो. माझ्या आठवड्यातले सगळ्यात सुखाचे दोन तास हेच, आणि म्हणूनच सांगणं लांबत गेलं. खरं कळलं तर त्यांना माझी गरज उरणार नाही, ही भीती.

परवा मात्र पोहेवाल्याला ते म्हणाले, "माह्या डोळ्यांचा भरवसा नाही, म्हणून याले आणतो." मी हातातली प्लेट खाली ठेवली.

त्या दिवशी त्यांचे डोळे ठीक होते, डोकंही. गाल मी रंगवला होता. एवढं सांगण्याचं देणं मी त्यांना अजून लागतो.