अन्न अंगी लागतं कुठं?

तलवाड्याला आमच्या घरी नवा बैल आला, त्याच हंगामात त्यानं माझ्या नवऱ्याच्या पोटात शिंग घातलं. दावं सोडताना बुजला, एवढंच झालं. मी कडब्याची पेंढी घेऊन येत होते. हे खाली बसलेले, दोन्ही हातांनी पोट धरून, आणि बोटांमधून आतड्याचा एक वेढा बाहेर आलेला.

"ओलं फडकं आण," हे म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता.

दिरानं बैलगाडी जुंपली. गेवराईवरून बीडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्या फडक्यावर पाणी घालत राहिले. डॉक्टर हैदराबादकडचे, उमर झालेले. त्यांनी गुंगी देऊन फाटलेलं आतडं शिवलं, आत सारलं आणि पोट बंद केलं. ताप चढला, मग उतरला. आता वाचले असं आम्ही धरून चाललो, आणि एका सकाळी पट्टी सोडली तर जखमेतून हिरवट-पिवळं पाणी येत होतं. आतला टाका सुटला होता.

"पुन्हा चिरलं तर जीव जाईल," डॉक्टर म्हणाले. "भोक आपोआप भरतंय का बघू. खायला घालत राहा. थोडं थोडं, पण सारखं."

मी आणि सासूबाई दवाखान्याच्या आवारातच राहिलो. तीन दगडांवर चूल मांडली. पट्टी बदलायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी तोंड फिरवूनच फडकं काढायचे. मग बघायची सवय झाली, आणि पुढं पुढं तर मी वाटच बघायला लागले. दूध पाजलं की काही वेळानं त्याच्या बारीक गुठळ्या फडक्यावर यायच्या. मऊ भाताचं नुसतं पाणी झालेलं असायचं. अंबाडीच्या पानाचे तुकडे मात्र हिरवे ते हिरवेच, आणि हरभऱ्याचं साल तर जसंच्या तसं.

"अगं, कशापायी बघतीस असं वाकून?" सासूबाई म्हणायच्या. "घाण ती."

"बघू दे," हे पडल्या पडल्या म्हणायचे. "मला न्हाई दिसत, तिला तरी दिसू दे. आज काय निघालं गं?"

मी सांगायचे. ह्यांनाही त्यात गंमत वाटायला लागली होती.

पण अंग उतरत चाललं होतं. दंडाची हाडं दिसायला लागली. भोकाभोवतीची कातडी लाल होऊन सोलायला लागली, आणि तिथं ह्यांना आगीसारखं व्हायचं. मी डॉक्टरांना विचारलं.

"मांस पचवणारं पाणी आहे ते," ते म्हणाले. "कातडीला कसं सोडील?" त्यांनी जस्ताचं मलम दिलं. जाड थर लावत जा म्हणाले.

"पण सायेब, रातच्यापासून ह्यांनी काईच खाल्लं न्हाई. तरी सकाळी पिवळं पाणी येतंच. ते कुठून?"

डॉक्टर जायला निघाले होते, ते स्टुलावर बसले. आपल्याच उजव्या बरगडीखाली हात ठेवून म्हणाले, "इथं जिगर असतं. बकऱ्याचं काळीज म्हणून खाता ना, तेच. पित्त त्यात बनतं, खालच्या छोट्या पिशवीत साठतं. तूप-तेल त्यानं फुटतं. जठराच्या मागं अजून एक लांबट गोळा आहे, त्याचा रस भाकरी, डाळ, मांस सगळं विरघळवून पातळ करतो. हे शरीराचं स्वतःचं पाणी, बाई. जेवा, न जेवा, ते थोडंफार सुटतंच."

"आन अंगी लागतं कुठं? जठरात?"

"तिथं घुसळण होते. अंगी लागतं ते बारीक आतड्यात. आतून मखमल असते त्याला. ती मखमल अन्नाचा सार ओढून रगतात घालते, आणि ते रगत पहिल्यांदा जिगराकडे जातं. ह्यांचं भोक निम्म्या वाटेवर आहे. म्हणून निम्मं लागतंय, निम्मं फडक्यावर जातंय."

लहानपणापासून ऐकत आले होते, अमक्याच्या अंगी लागत नाही, तमकीच्या अंगी लागतं. ते लागायला एक जागा असते, हे मला त्या दिवशी कळलं. पण मखमल काही पटेना. बाजारच्या दिवशी मी खाटकाकडून बकऱ्याचं आतडं आणलं, चिरलं, धुतलं आणि परातीतल्या पाण्यात पसरलं. बोट फिरवलं. खरंच मऊ लव होती, पाण्यात हलत होती. मी परात उचलून ह्यांच्या खाटेजवळ नेली. ह्यांनीही बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं.

"एवढं मऊ हाय आत," शेवटी म्हणाले, "आन आपण मिरचीचा ठेचा घालतो त्याच्यात."

त्यानंतर मी साली, पाला सगळं बंद केलं. कण्यांची पेज, मऊ भात, दूध, अंडं, दिवसभर वाटी वाटीनं. फडक्यावर येणारं पाणी हळूहळू कमी होत गेलं. थंडी सरता सरता एका सकाळी पट्टी सोडली, तर फडकं कोरडं होतं. डॉक्टरांनी भोकाच्या जागी दाबून पाहिलं आणि भरलं म्हणून मान हलवली.

सासूबाई रडायला लागल्या. मलाही रडू आलं. आणि खरं सांगायचं तर, त्यासोबत थोडी चुटपुटही लागली. आता आतलं मला काही दिसणार नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी पहिल्यांदा पिठलं-भाकरी मागितली. मी ताट वाढून समोर बसले. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"अशी काय बघतीस माझ्याकडं?"

"आता कुठवर पोचलं आसंल, ते बघायलेय," मी म्हणाले.

"अजून गळ्यातच हाय," हे म्हणाले. "जेवू दे."